पित्ताचे इंजेक्शन : औषध तेच, वाट वेगळी

रुग्णाला सलाईन लावले की त्यासोबत ‘पित्ताचे’ इंजेक्शन द्यायचे, हा देशभरातील लहानमोठ्या रुग्णालयांत जवळजवळ शिरस्ता झाला आहे. ताप असो, उलट्या असोत, हर्नियाची शस्त्रक्रिया असो वा नुसता अशक्तपणा, पांढऱ्या भुकटीची ती छोटी कुपी औषधांच्या यादीत असतेच आणि बिलातही असते. बहुतेक वेळा ती पँटोप्रॅझोलची असते. काही ठिकाणी एसोमेप्रॅझोल, रॅनिटिडिन किंवा फॅमोटिडिन वापरले जाते. हे औषध कशासाठी दिले, असे रुग्ण सहसा विचारीत नाही आणि विचारलेच तर ‘पोटाला त्रास होऊ नये म्हणून’ एवढ्या उत्तरावर त्याचे समाधान होते.

जठरातून रक्तस्राव होत असलेल्या रुग्णासाठी हीच कुपी जीव वाचविणाऱ्या उपचाराचा भाग असते, त्यामुळे औषधाच्या उपयुक्ततेविषयी वाद नाही. अडचण आहे ती त्याच्याभोवतीच्या एका समजुतीची. गोळी सौम्य आणि इंजेक्शन जोरदार, असे पिढ्यान्‌पिढ्या मानले जाते. पँटोप्रॅझोलच्या बाबतीत ही समजूत टिकत नाही. तोंडावाटे घेतलेल्या गोळीतील सुमारे ७७ टक्के औषध रक्तात पोहोचते आणि ४० मिलिग्रॅमच्या गोळीवरून इंजेक्शनवर किंवा इंजेक्शनवरून गोळीवर जाताना मात्रा बदलावी लागत नाही. शिरेतून दिलेल्या औषधाचा परिणाम लवकर, साधारण पाव ते अर्ध्या तासात सुरू होतो, हे खरे. पण ज्याच्या पोटात अन्न टिकते आहे आणि ज्याला गोळी गिळता येते, त्याच्यासाठी या फरकाला क्वचितच महत्त्व असते.

‘पित्त’ हा शब्दही येथे थोडा गोंधळ घालतो. शरीरशास्त्राच्या दृष्टीने पित्त म्हणजे यकृतात तयार होऊन पित्ताशयात साठणारा कडवट, हिरवट-पिवळा द्रव. घशाशी येणारे आंबट पाणी मात्र जठरातील हायड्रोक्लोरिक आम्लाचे असते. बोलीभाषेत दोन्ही पित्तच. शिवाय अंगावर उठणाऱ्या खाजऱ्या गांधींनाही मराठीत ‘पित्त उठले’ असेच म्हणतात. या तिसऱ्या अर्थाकडे पुढे पुन्हा वळावे लागेल, कारण इंजेक्शनच्या संदर्भात तो घोटाळ्याचा ठरू शकतो.

जठराच्या अस्तरातील काही पेशी आम्ल तयार करतात. या पेशींवरील सूक्ष्म पंप हायड्रोजनचे आयन जठराच्या पोकळीत सोडतात. आम्लनिर्मितीची ही शेवटची पायरी. पँटोप्रॅझोल गटातील औषधे रक्तामार्गे या पेशींपर्यंत जातात, तेथील आम्लातच त्यांचे क्रियाशील रूप तयार होते आणि ते पंपाला घट्ट चिकटून तो निकामी करते. आम्लनिर्मिती पूर्ववत होण्यासाठी पेशीला नवे पंप घडवावे लागतात. म्हणूनच रक्तातील औषधाचे प्रमाण तासाभरात निम्म्यावर येत असले, तरी परिणाम दिवसभर टिकतो. त्याच कारणाने पहिल्या मात्रेत सगळे पंप बंद होत नाहीत. त्या घडीला काम करीत असलेले तेवढे बंद होतात आणि पूर्ण परिणाम दिसण्यास काही दिवस लागतात. एका सुईत आम्लपित्त मुळासकट गेले, असे होणे या औषधाच्या स्वभावातच नाही.

या रसायनाचा एक विरोधाभास असा की, ज्या आम्लामुळे ते क्रियाशील होते, तेच आम्ल जठराच्या पोकळीत त्याचा नाशही करते. म्हणून गोळीवर आम्लात न विरघळणारे आवरण असते. वृद्ध रुग्णाला गिळता येत नाही म्हणून घरची मंडळी ही गोळी कुटून पाण्यात देतात, तेव्हा औषधाचा बराचसा भाग वाया गेलेला असतो. अशा रुग्णासाठी इंजेक्शनखेरीज तोंडात विरघळणाऱ्या गोळ्या किंवा नळीवाटे देता येणारे दाणेदार स्वरूप असे काही पर्याय असतात. त्याविषयी डॉक्टरांना विचारता येते.

रॅनिटिडिन आणि फॅमोटिडिन ही याआधीच्या पिढीतील औषधे. ती पंप बंद न करता पेशीला आम्ल बनविण्याचा आदेश देणारा हिस्टामिनचा मार्ग अडवितात. या गटातील सिमेटिडिन हे औषध ब्रिटनमध्ये १९७६ मध्ये आले आणि त्यामागील संशोधनासाठी सर जेम्स ब्लॅक यांना १९८८ च्या नोबेल पारितोषिकात वाटा मिळाला. योगायोग असा की, पंप बंद करणारे पहिले औषध ओमेप्रॅझोल त्याच वर्षी बाजारात आले आणि हळूहळू त्याने आधीच्या गटाला मागे टाकले. जठरव्रणासाठी पोटावर शस्त्रक्रिया ही एकेकाळी सर्रास गोष्ट होती. ती आज विरळा झाली आहे, त्यात या दोन्ही गटांचा मोठा वाटा आहे.

रक्त गोठायला आम्ल आडवे येते

शिरेतून आम्लरोधक देण्याचे सर्वांत भक्कम कारण म्हणजे जठर किंवा लहान आतड्याच्या सुरुवातीच्या भागातील व्रणातून होणारा रक्तस्राव. गुडघेदुखी-कंबरदुखीसाठी महिनोन्‌महिने घेतलेल्या वेदनाशामक गोळ्या, हृदयविकारासाठी चालू असलेली अॅस्पिरिन आणि हेलिकोबॅक्टर पायलोरी हा जठरातील जिवाणू ही त्याची नेहमीची कारणे. रुग्णाला कॉफीच्या चोथ्यासारखी काळपट किंवा लाल रक्ताची उलटी होते, डांबरासारखी काळी, चिकट, दुर्गंधीयुक्त शौचास होते, भोवळ येते. (लोहाच्या गोळ्या घेणाऱ्यांची शौचही काळी होते, त्यामुळे रंगावरून निष्कर्ष काढण्याआधी डॉक्टरांना त्या गोळ्यांविषयी सांगावे.)

अशा वेळी आम्ल दोन प्रकारे घात करते. आम्लयुक्त वातावरणात रक्तातील बिंबिका एकमेकींना नीट चिकटत नाहीत आणि जठरातील पेप्सिन हे पाचकद्रव्य तयार झालेली गुठळी विरघळवून टाकते. जठरातील आम्लता जवळजवळ नाहीशी झाली, म्हणजे पीएच ६ च्या वर राहिला, तर गुठळी टिकण्याची शक्यता वाढते. ही कल्पना प्रत्यक्षात किती उपयोगी पडते, याचे ठळक उत्तर हाँगकाँगमधील एका अभ्यासाने २००० मध्ये दिले. व्रणातील रक्तस्राव दुर्बिणीतून थांबविलेल्या २४० रुग्णांपैकी निम्म्यांना ओमेप्रॅझोल ८० मिलिग्रॅम एकदम आणि नंतर ७२ तास, ताशी ८ मिलिग्रॅम या गतीने शिरेतून देण्यात आले; उरलेल्यांना औषधासारखे दिसणारे निष्क्रिय द्रावण मिळाले. महिनाभरात औषध मिळालेल्या १२० पैकी ८ जणांना पुन्हा रक्तस्राव झाला. औषध न मिळालेल्या १२० जणांमध्ये ही संख्या २७ होती.

रक्तस्रावाच्या रुग्णाला तीन दिवस ठिबक पद्धतीने औषध देण्याची पद्धत जगभर रूढ झाली ती अशा अभ्यासांमुळे. सतत ठिबक देण्याऐवजी ठरावीक तासांनी इंजेक्शन दिले तरी निष्पत्ती तितकीच चांगली राहते, असे नंतरच्या विश्लेषणांत दिसून आले आहे आणि मर्यादित साधनांच्या रुग्णालयांसाठी ते महत्त्वाचे आहे. ७२ तासांनंतर धोका जास्त असलेल्या रुग्णांना दोन आठवडे पूर्ण होईपर्यंत दिवसातून दोनदा गोळी दिली जाते. सर्वाधिक कसोटीच्या या आजारातही इंजेक्शनचा काळ तीनच दिवसांचा असतो, ही बाब नोंद घेण्याजोगी आहे.

मात्र इंजेक्शन सुरू केले म्हणून दुर्बीण तपासणी लांबणीवर टाकणे हा त्यातून उद्भवणारा मोठा धोका. हाँगकाँगच्याच संशोधकांनी २००७ मध्ये दुर्बीण तपासणीपूर्वी औषध सुरू करून पाहिले. दुर्बिणीतून उपचार करावा लागण्याचे प्रमाण २८.४ टक्क्यांवरून १९.१ टक्क्यांवर आले, पण मृत्यूंच्या प्रमाणात लक्षणीय फरक पडला नाही. फुटलेल्या रक्तवाहिनीला क्लिप लावणे किंवा ती भाजून बंद करणे, हे काम औषध करू शकत नाही. यकृत कठीण झालेल्या रुग्णांत अन्ननलिकेतील फुगलेल्या शिरा फुटून रक्तस्राव होतो. तेथे तर मूळ उपचारच वेगळा आहे: शिरांमधील दाब उतरविणारी औषधे, प्रतिजैविके आणि दुर्बिणीतून शिरा बांधणे. गावच्या दवाखान्यात रक्ताची उलटी झालेल्या रुग्णाला आम्लरोधक इंजेक्शन देऊन ‘सकाळपर्यंत पाहू’ म्हणणे त्यामुळेच परवडणारे नाही. रक्तपेढी आणि दुर्बिणीची सोय असलेल्या रुग्णालयाकडे त्याला त्याच वेळी रवाना करायला हवे.

रक्तस्रावाखेरीज इंजेक्शनचे रास्त उपयोग मोजके आहेत. आतड्यात अडथळा असलेला किंवा पोटाच्या मोठ्या शस्त्रक्रियेनंतर तोंडाने काही घेण्यास मनाई असलेला, आधीपासून औषधाची गरज असलेला रुग्ण. सततच्या उलट्यांमुळे गोळी न टिकणारा रुग्ण. अन्ननलिकेचा तीव्र दाह. आणि झोलिंजर-एलिसन हा आम्लनिर्मिती बेसुमार वाढविणारा दुर्मीळ आजार. अतिदक्षता विभागात कृत्रिम श्वासावर असलेल्या रुग्णांचा प्रश्न बराच काळ अनिर्णित होता. २०२४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आठ देशांतील अभ्यासात अशा ४,८२१ रुग्णांची पाहणी झाली. रोज ४० मिलिग्रॅम पँटोप्रॅझोल शिरेतून दिलेल्यांत गंभीर रक्तस्राव १ टक्का, तर न दिलेल्यांत ३.५ टक्के आढळला. ९० दिवसांतील मृत्यूंच्या प्रमाणात मात्र फारसे अंतर नव्हते. हा निष्कर्ष व्हेंटिलेटरवरील रुग्णांचा आहे. साध्या वॉर्डात बसून चहा-बिस्किटे खाणाऱ्या रुग्णाला तो लावता येत नाही.

छातीत जळजळ, पण हृदयाची

आम्लरोधक इंजेक्शनाचा सर्वांत घातक गैरवापर औषधाच्या दुष्परिणामांमुळे होत नाही. तो होतो निदान चुकल्यामुळे. हृदयविकाराचा झटका, विशेषतः हृदयाच्या खालच्या भागाला बसलेला, अनेकदा पोटाच्या वरच्या भागातील दुखणे, मळमळ, ढेकर आणि जळजळ अशा रूपात येतो. मधुमेही, वृद्ध आणि स्त्रिया यांच्यात छातीत कळ न येताही तो येऊ शकतो. रात्री जड जेवण झालेले असते, ‘गॅस झाला असेल’ असे घरातले म्हणतात, जवळच्या दवाखान्यात इंजेक्शन दिले जाते, थोडे बरे वाटते आणि रुग्ण घरी परततो. हृदयाचा स्नायू वाचविण्याचे सुरुवातीचे मोलाचे तास असे निघून जातात.

इंजेक्शनने बरे वाटले म्हणजे दुखणे पोटाचेच होते, हा निष्कर्ष चुकीचा आहे. हृदयाची वेदना मधूनमधून आपोआपही कमी होते. छातीत किंवा पोटाच्या वरच्या भागात दडपण, त्यासोबत घाम, धाप, डाव्या हातात, जबड्यात किंवा पाठीत कळ, विलक्षण थकवा यांपैकी काहीही असेल, तर आधी ईसीजी काढला पाहिजे आणि तोही रुग्ण दारात आल्यापासून दहा मिनिटांच्या आत. पहिला ईसीजी सामान्य आला तरी झटका नाही असे ठरत नाही. काही वेळाने तो पुन्हा काढावा लागतो आणि रक्तातील ट्रोपोनिनची तपासणी करावी लागते. ज्या दवाखान्यात ईसीजीची सोय नाही, तेथे चाळिशीपुढच्या माणसाला पित्ताचे इंजेक्शन देऊन थांबवून ठेवण्यापेक्षा १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका बोलावणे केव्हाही श्रेयस्कर.

सुई टोचण्यापूर्वी आणि टोचताना

इंजेक्शन आवश्यक आहे असे ठरल्यानंतर ते कसे दिले जाते, याला महत्त्व येते. पँटोप्रॅझोलच्या ४० मिलिग्रॅमच्या कुपीत कोरडी भुकटी असते. ती १० मिलिलिटर सलाईनमध्ये, म्हणजे ०.९ टक्के सोडियम क्लोराईडच्या निर्जंतुक द्रावणात विरघळवितात. अनेक उत्पादक हे द्रावण सोबतच देतात. तयार औषध शिरेतून किमान दोन मिनिटे लावून सावकाश द्यायचे किंवा १०० मिलिलिटर द्रावणात मिसळून सुमारे पंधरा मिनिटांत ठिबकावाटे सोडायचे, अशी पद्धत आहे. स्नायूत किंवा त्वचेखाली ते देत नाहीत. ‘कमरेत पित्ताचे इंजेक्शन द्या’ अशी मागणी रुग्ण करतात; पँटोप्रॅझोलपुरती तरी ती मान्य करण्याजोगी नाही. विरघळविलेले औषध स्वच्छ, रंगहीन किंवा अगदी फिकट पिवळसर दिसले पाहिजे. ते गढूळ झाले, त्यात कण दिसले किंवा रंग गडद झाला, तर फेकून द्यावे. विरघळविल्यानंतर ते किती तास चालते, हे त्या उत्पादनाच्या माहितीपत्रकावर असते. सकाळी तयार करून ठेवलेली सिरिंज रात्री वापरणे किंवा उरलेले अर्धे औषध उद्यासाठी ठेवणे, दोन्ही वर्ज्य. या कुपीत जंतुवाढ रोखणारे द्रव्य नसते.

तयार झालेले हे द्रावण बऱ्यापैकी अल्कधर्मी असते. त्यामुळे शिरेबाहेर झिरपले तर त्या जागी जळजळ आणि सूज येते. शिरेतही ते वारंवार दिल्यास ती लाल, कडक व दुखरी होऊ शकते. टोचताना आग होत असल्यास रुग्णाने ती निमूटपणे सोसू नये, लगेच सांगावे. अल्कधर्मी असण्याचा आणखी एक परिणाम रुग्णाला दिसत नाही, पण परिचारिकेला ठाऊक असावा लागतो. उलटी थांबविणारे ऑन्डान्सेट्रॉन आणि गुंगी आणणारे मिडाझोलाम ही इंजेक्शने आम्लधर्मी द्रावणात असतात आणि अल्कधर्मी द्रावणाशी संबंध आला की त्यांचा साका तयार होऊ शकतो. उलट्यांच्या रुग्णाला ऑन्डान्सेट्रॉन आणि पँटोप्रॅझोल ही जोडगोळी तर हमखास दिली जाते. घाईत दोन्ही एकाच सिरिंजमध्ये ओढणे किंवा एका पाठोपाठ एक त्याच नळीतून सोडणे टाळून, मध्ये साध्या सलाईनने नळी धुऊन घेण्यास अर्धे मिनिटही लागत नाही.

रॅनिटिडिनची गोष्ट निराळी. ते स्नायूत देता येते, मात्र शिरेतून झटकन दिल्यास हृदयाचे ठोके मंदावल्याची उदाहरणे आहेत. म्हणून ५० मिलिग्रॅमची मात्रा २० मिलिलिटरपर्यंत पातळ करून काही मिनिटे लावून देण्याची सूचना असते. गर्दीच्या बाह्यरुग्ण विभागात ही काही मिनिटे काढणे जड जाते आणि नेमके तेथेच चुकते. रॅनिटिडिनवर आणखीही एक सावट आहे. २०१९ मध्ये त्यात एनडीएमए हे कर्करोगाला कारणीभूत ठरू शकणारे अशुद्धी द्रव्य आढळल्याने जगभर खळबळ उडाली. अमेरिकेच्या औषध नियामकाने एप्रिल २०२० मध्ये ते बाजारातून मागे घेण्यास सांगितले आणि भारताने सप्टेंबर २०२२ मध्ये जाहीर केलेल्या अत्यावश्यक औषधांच्या यादीतून ते वगळले. यादीतून वगळणे म्हणजे बंदी नव्हे, तेव्हा ते अजूनही भेटू शकते.

औषध कोणतेही असो, सुईची स्वच्छता हा वेगळा आणि जुना प्रश्न आहे. गुजरातमधील मोडासा येथे २००९ मध्ये पसरलेली ‘ब’ प्रकारची कावीळ आणि उत्तर प्रदेशातील उन्नाव जिल्ह्यातील बांगरमऊ येथे २०१८ मध्ये उघडकीस आलेली एचआयव्हीची लागण, या दोन्ही घटनांत एकच सुई किंवा सिरिंज अनेकांसाठी वापरली गेल्याचे समोर आले होते. सिरिंज आपल्यासमोर पाकिटातून काढली जाते आहे का, हे पाहण्याचा रुग्णाला हक्क आहे. त्याहून कमी लक्षात येणारी बाब म्हणजे सलाईनची मोठी बाटली. बुचात एक सुई कायमची खोचून ठेवलेली आणि दिवसभर त्याच बाटलीतून एकामागून एक रुग्णांच्या कुप्या विरघळविल्या जात आहेत, हे दृश्य अनोळखी नाही. प्रत्येक सिरिंज नवी असली तरी बाटलीत एकदा जंतू शिरले की ते सर्वांना वाटले जातात. कुपीसोबत येणारे छोटे द्रावण वापरणे हा त्यावरचा सरळ उपाय.

आता ‘पित्त उठण्या’विषयी. या इंजेक्शनांची अॅलर्जी क्वचितच येते, पण येते. काही मिनिटांत अंगावर गांधी, खाज, ओठ किंवा पापण्यांना सूज, घशात आवळल्यासारखे होणे, धाप, चक्कर अशी तिची लक्षणे. रुग्ण किंवा नातेवाईक ‘पित्त उठले’ असे सांगतात आणि ऐकणारा ते आम्लपित्त समजला, तर ज्या औषधाने हा प्रसंग ओढवला तेच पुन्हा दिले जाण्याची भीती असते. मराठी न समजणाऱ्या प्रांतात, दुभाष्यामार्फत बोलताना हा घोटाळा आणखी सोपा. अशा वेळी ‘पित्त’ हा शब्द टाळून अंगावर काय दिसते आहे आणि कसे वाटते आहे, तेच सांगावे. अॅलर्जी गंभीर असेल तर अॅड्रिनॅलिन तातडीने द्यावे लागते. घरी बोलावलेल्या कंपाउंडरच्या पिशवीत ते नसते, म्हणून शिरेतले इंजेक्शन घरच्या खाटेवर घेणे टाळलेले बरे.

इंजेक्शनपूर्वी डॉक्टरांना आवर्जून सांगण्याच्या गोष्टी फार नाहीत. पूर्वी या गटातील कुठल्याही औषधाची रिअॅक्शन आली होती का, यकृताचा गंभीर आजार आहे का, गर्भारपण आहे का आणि कोणती औषधे चालू आहेत. एचआयव्हीवरील अॅटाझानाविर आणि रिल्पिविरिन यांना रक्तात शोषले जाण्यासाठी जठरातले आम्ल लागते; ते नाहीसे केले तर एचआयव्हीचा उपचारच निष्प्रभ होऊ शकतो. मेथोट्रेक्सेट, वॉरफेरिन, डिगॉक्सिन घेणाऱ्यांनीही उल्लेख करावा. स्टेंट बसविलेल्यांना दिले जाणारे क्लोपिडोग्रेल यकृतात क्रियाशील होते आणि ओमेप्रॅझोल व एसोमेप्रॅझोल त्या प्रक्रियेत अडथळा आणतात. पँटोप्रॅझोलचा असा अडथळा कमी असल्याने अशा रुग्णांत त्याला पसंती दिली जाते.

थोड्या दिवसांच्या वापरात डोकेदुखी, जुलाब, टोचल्या जागी दुखणे यांपलीकडे सहसा काही होत नाही. इंजेक्शननंतर गोळ्या, गोळ्यांनंतर पुन्हा गोळ्या असे वर्षानुवर्षे चालू राहिले की हिशेब बदलतो. रक्तातील मॅग्नेशियम घटून पेटके येणे, ठोके अनियमित होणे, ब-१२ जीवनसत्त्वाची कमतरता, हाडे मोडण्याचा वाढलेला धोका आणि प्रतिजैविकांसोबत वापर झाल्यास क्लॉस्ट्रिडिऑइड्स डिफिसिल या जिवाणूमुळे होणारे चिवट जुलाब, अशा नोंदी या औषधांच्या माहितीपत्रकांत आहेत. मूत्रपिंडाचा अॅलर्जीजन्य दाह तर थोड्या दिवसांतही उद्भवू शकतो. लघवी कमी होणे, ताप, पुरळ याकडे त्यामुळे लक्ष ठेवायचे. जठरातील आम्ल हे अन्नातून येणाऱ्या जंतूंना अडविणारे पहिले दार आहे, आणि ते दार विनाकारण उघडे ठेवण्याची किंमत यकृताच्या जुनाट रुग्णांना पोटातील पाण्याच्या संसर्गाच्या रूपात मोजावी लागू शकते.

म्हणून रुग्णालयात दाखल असताना एक प्रश्न रोज विचारण्याजोगा आहे : रुग्ण जेवू लागला, आता इंजेक्शनऐवजी गोळी चालेल का? बहुतेक वेळा उत्तर होकारार्थी असते. गोळीवर आल्याने शिरेतील सुई काढता येते, तीमुळे होणाऱ्या संसर्गाची शक्यता संपते आणि बिलही हलके होते. डिस्चार्जच्या कागदावर गोळी किती दिवस घ्यायची, हे लिहून घेणेही तितकेच आवश्यक. ‘चालू ठेवा’ एवढाच शेरा असला की ती गोळी पुढे कित्येक वर्षे कोणी थांबवीत नाही. व्रणातून रक्तस्राव झाला असेल, तर हेलिकोबॅक्टर पायलोरीची तपासणी झाली का, हेही विचारावे. बॅरी मार्शल आणि रॉबिन वॉरन या ऑस्ट्रेलियन संशोधकांना ज्या शोधासाठी २००५ चे नोबेल मिळाले, त्याचा अर्थच असा की, हा जिवाणू प्रतिजैविकांनी नष्ट केला तर व्रण पुन्हा होण्याचे चक्र तुटते. तो तसाच राहिला, तर आम्लरोधक फक्त काळ पुढे ढकलते. आम्लरोधकांच्या चालू मात्रेत या जिवाणूची तपासणी खोटी नकारार्थी येऊ शकते, हेही तपासणीची वेळ ठरविताना ध्यानात घेतले जाते.

दर काही दिवसांनी पित्ताचे इंजेक्शन घ्यावे लागत असेल तर तो स्वतंत्र इशारा समजायला हवा. वजन घटणे, घास अडकणे, रक्त कमी होणे, काळी शौच, भूक मरणे यांपैकी काही सोबत असल्यास दुर्बीण तपासणी टाळू नये. आम्ल कमी झाल्याने जठराच्या कर्करोगातील वेदनाही काही काळ शमते आणि निदान लांबते. मिझोरमसारख्या राज्यात, जेथे जठराच्या कर्करोगाचे प्रमाण देशात सर्वाधिक नोंदले जाते, तेथे ही सावधगिरी विशेष लागू पडते.

ही औषधे डॉक्टरांच्या चिठ्ठीवाचून विकता येत नाहीत. इंजेक्शननंतर काही विपरीत घडल्यास डॉक्टर, परिचारिका किंवा औषधविक्रेत्याप्रमाणेच रुग्ण आणि नातेवाईकही त्याची नोंद करू शकतात. गाझियाबाद येथील भारतीय औषधसंहिता आयोगामार्फत चालणाऱ्या औषधसुरक्षा कार्यक्रमाचा १८००-१८०-३०२४ हा निःशुल्क दूरध्वनी क्रमांक त्यासाठी आहे. नोंदवताना औषधाचे नाव, कुपीवरील बॅच क्रमांक, उत्पादक, दिल्याची वेळ आणि लक्षणे सुरू झाल्याची वेळ सांगावी लागते. म्हणून रिकामी कुपी फेकली जाण्यापूर्वी मोबाइलवर तिचे छायाचित्र काढून ठेवावे.